ठसका ‘वयामुळेच’ म्हणून सोडून देऊ नका

जिभेचं काम

जीभ चव घेते, बोलते. पण घास गिळण्याची सुरुवातही तीच करते. चावलेलं अन्न गोळा करून ती टाळूवर दाबते आणि मागे ढकलते. त्याच क्षणी स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड बंद होतं, श्वास थांबतो. घशातला हा सगळा कारभार साधारण एका सेकंदात उरकतो. जिभेचा रेटा कमी पडला, की घासाचा काही भाग घशात रेंगाळतो.

वय काय हिरावतं

हातापायांसारखेच जिभेचे स्नायूही उतारवयात बारीक होतात. तिचा जास्तीत जास्त दाब घटतो. रोजच्या गिळण्याला मात्र त्यातला थोडाच लागतो, म्हणून निरोगी आजोबा व्यवस्थित जेवतात. आटते ती राखीव ताकद. मग न्यूमोनिया झाला, आठवडाभर अंथरूण धरलं, जेवण तुटलं, की ती उणीव एकदम उघडी पडते. जपानमध्ये हा दाब उपकरणाने मोजतात. तिथल्या वृद्ध-दंतवैद्यक संस्थेच्या 2016 च्या निकषांनुसार तो 30 किलोपास्कलपेक्षा कमी असणं हे जिभेची ताकद घटल्याचं लक्षण. आपल्याकडेही वृद्धांच्या तपासणीत वजन-रक्तदाबाइतकीच जिभेची विचारपूस व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पाणी का नडतं

आजी कोरडे पोहे खातात. दाणे गालात, जिभेवर विखुरलेले राहतात, त्यांचा गोळा होत नाही. ठसका लागतो आणि आपण घाईने पाण्याचा पेला पुढे करतो. पण पाणी पातळ, ते झरकन मागे धावतं. श्वासनलिका बंद व्हायला उशीर झाला तर तिच्यात शिरतं. ठसका पूर्ण ओसरू द्यावा, मग छोटा घोट. अशा वेळी कोरड्या भाकरीपेक्षा आमटीत कुस्करलेली भाकरी किंवा मऊ खिचडी सोपी.

जिभेचा व्यायाम

जिभेचं टोक टाळूवर जोरात दाबायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरी-ऐंशीतल्या दहा निरोगी व्यक्तींनी आठ आठवडे जिभेने दाब देण्याचा व्यायाम केला. जिभेची ताकद वाढली, गिळतानाचा दाबही वाढला. अभ्यास लहान आहे, तरी या वयातही स्नायू सुधारतो हे त्यात स्पष्ट दिसतं. किती वेळा, किती जोरात, हे गिळण्याच्या तक्रारी हाताळणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्यावं.

केव्हा थांबू नये

गिळणं अचानक बिघडलं, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर पक्षाघात समजून लगेच रुग्णालय गाठावं. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, वजन उतरणं, वारंवार न्यूमोनिया होणं, यांसाठीही डॉक्टर हवेतच. काही वृद्धांना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसका लागतच नाही. त्यांच्या बाबतीत हीच लक्षणं पाहावी लागतात.