श्रम, खुराक आणि विसावा

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांनी 1952 च्या जुलैत हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, ही गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या विजयामागची एक हकीकत मात्र लोक आवर्जून सांगत नाहीत. जपानचे शोहाची इशी यांच्याशी दीर्घकाळ चाललेली कुस्ती हरून खाशाबा बाहेर पडतात न पडतात, तोच सोव्हिएत रशियाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यासाठी त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडावयास आपल्याकडील एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकल्या अंगाने खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा निकाल लागला. पुढे 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ऑलिंपिकची वाट कायमची बंद झाली.

अर्धा तास विसावा आणि एक गुडघा! एवढ्या दोन गोष्टींनी एका असामान्य मल्लाच्या आयुष्याचा हिशेब बदलून टाकला. ही गोष्ट आज वारज्यातील श्रोत्यांपुढे मांडण्यास कारण आहे. एका पिढीपूर्वी मुठेकाठचे गाव असलेले वारजे आज शहर झाले आहे. भल्या पहाटे टेकडीच्या पायथ्याशी किंवा महामार्गालगतच्या रस्त्यावर पाहावे, तर पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. या मुलांच्या अंगी जिद्द आहे. परंतु श्रम म्हणजेच तयारी, अशी त्यांची समजूत असते. आणि कित्येकदा परीक्षेच्या महिनाभर आधीच नडगी धरून ती घरी बसतात. श्रम, खुराक आणि विसावा हे व्यायामाचे तीन पाय आहेत आणि त्यांतील एकही आखूड झाला तर तिवई कलंडते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

अर्ध्या तासात शरीर काय करते?

प्रथम त्या अर्ध्या तासाचाच विचार करू. झटक्याने डाव टाकण्यास लागणारी शक्ती स्नायूंना क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या द्रव्याच्या लहानशा साठ्यातून मिळते. हा साठा काही सेकंदांच्या जोरात संपतो आणि तीन ते पाच मिनिटांत बहुतांशी पुन्हा भरतो. झटापट लांबली की स्नायूंतील साखर प्राणवायूवाचून जळू लागते, लॅक्टेट साचते, रक्ताची आम्लता वाढते आणि हातपाय जड होतात. हे लॅक्टेट निम्म्यावर येण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणजे ज्याने हा अर्ध्या तासाचा नियम केला, त्याने तो केवळ दयाबुद्धीने केलेला नव्हता. तेवढ्या वेळात मल्ल पुष्कळसा ताजा होतो आणि तेवढा वेळ न मिळाल्यास तो निम्म्या बळाने लढतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येते, ते लॅक्टेट साचल्यामुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. लॅक्टेट तास-दीड तासात निघून गेलेले असते. अंग दुखते ते स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे. त्यांची डागडुजी दोन-तीन दिवस चालते आणि ती पुरी झाल्यावर तंतू पूर्वीपेक्षा किंचित बळकट होतो. व्यायाम म्हणजे शरीराकडे केलेली मागणी होय. तिची भरपाई शरीर विसाव्यात, विशेषतः झोपेत करते. बैठका मारताना मांडी बळकट होत नाही, ती रात्री बळकट होते, असे म्हटले तरी चालेल. आज जोर काढून उद्या पुन्हा तितकेच जोर, परवा त्याहून अधिक, आणि झोप मात्र पाच तास, असा क्रम धरणारा मुलगा गवंड्याला दिवसभर भिंत पाडावयास लावतो आणि बांधावयास वेळच देत नाही.

हाडाचा स्वभाव तर याहून विलक्षण आहे. नवा भार पडू लागला की हाड आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग तेथे नवा, अधिक घट्ट भाग रचते. त्यामुळे धावणे एकदम वाढवल्यास पहिल्या काही आठवड्यांत हाड उलट थोडे कच्चे असते. 1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर पुढे कळले की, ती हाडाला गेलेली बारीक भेग होती. भरतीसाठी दोन महिन्यांत सर्व काही साधू पाहणाऱ्या आपल्या मुलांची नडगी दुखते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. म्हणून धावणे आठवड्या-आठवड्याने थोडथोडे वाढवावे, डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट धरावी आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विसावा घ्यावा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ती कळ अंगावर काढण्यात पुरुषार्थ नाही.

खुराकाचा हिशेब

आपल्या तालमींत खुराकाला मोठा मान. दूध, तूप, बदाम, थंडाई यांवाचून मल्ल नाही, ही समजूत निराधार नव्हती. दिवसातून दोन वेळा मेहनत करणाऱ्या मल्लाला पुष्कळ उष्णांक लागतात आणि तुपात ते थोड्या जागेत मिळतात. चूक होते ती तालीम सुटूनही खुराक न सुटल्याने. पहिलवानाचे पोट चाळिशीनंतर सुटते, यात त्या तुपाचा दोष नाही. मेहनत कमी झाली तरी ताट तेवढेच राहिले, हा दोष.

आजच्या मुलांच्या बाबतीत उलट प्रकार दिसतो. ती बाजारातील महागडी भुकटी घेतात आणि भाकरी टाळतात. भाकरी, भात आणि पोळी यांतील पिष्ट पदार्थांपासून स्नायूंत ग्लायकोजेन साठते. सर्व स्नायूंत मिळून ते चार-पाचशे ग्रॅम असते. दीड-दोन तासांच्या कष्टात ते संपत येते आणि भरून येण्यास चांगले जेवूनही सुमारे एक दिवस लागतो. ते न भरता दुसऱ्या दिवशी धावणारा मुलगा रिकाम्या टाकीची गाडी ढकलत असतो.

प्रथिनांचे प्रमाणही पाहू. सामान्य माणसाला दररोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत म्हटले आहे. खेळाडूला 1.2 ते 2 ग्रॅम लागतात. साठ किलोच्या मुलाला कष्टाच्या दिवसांत नव्वद ग्रॅम धरले, तर ते स्वयंपाकघरातूनच उभे करता येतात. अर्धा लिटर दुधात सुमारे सोळा ग्रॅम, दोन अंड्यांत बारा ग्रॅम, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत बारा-तेरा ग्रॅम मिळतात. उरलेली डाळ, मटकीची उसळ, पिठले आणि स्वतः भाकरी यांतून येतात. अंडी न खाणाऱ्याने दही, चणे व सोयाबीन वाढवावे. हे जेवण दिवसभरात तीन-चार वेळा विभागून घ्यावे. डब्यातील भुकटी म्हणजे विष नव्हे. पण तिच्यात न सांगितलेली द्रव्ये मिसळलेली सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि उत्तेजक चाचणीत दोषी ठरतो तो खेळाडू, भुकटी विकणारा नव्हे.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी तर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी, आणि मग 800 मीटरमध्ये धाप लागणारच. अशा मुलीला ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे. दुसरे असे की, धावणे वाढवून जेवण घटवणाऱ्या मुलीची मासिक पाळी बंद पडली, तर ते कणखरपणाचे लक्षण नसून शरीराने दिलेला धोक्याचा इशारा आहे. हाडे ठिसूळ होण्याची ती सुरुवात असू शकते. आयांनी हा प्रश्न लाज न बाळगता विचारावा.

दुखापत आणि घाई

लहानपणी खो-खो खेळताना माझा घोटा मुरगळला. शेजारच्या एका काकांनी तो लगेच तेल लावून जोरजोरात चोळला आणि वर गरम विटेचा शेक दिला. हेतू प्रेमाचा होता; पण संध्याकाळपर्यंत पाय भोपळ्यासारखा सुजला. आता कारण कळते. अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी, ताणली गेली की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. ताज्या दुखापतीवर चोळणे आणि शेकणे म्हणजे तो रक्तस्राव वाढवणे. पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. मालिश आणि शेक यांना जागा आहे, पण ती पुढे.

बर्फाविषयीही मत बदलले आहे. विसावा, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी 1978 मध्ये सांगितली. पुढे त्यांनीच कबूल केले की, बर्फ आणि पूर्ण विसावा यांनी बरे होणे लांबू शकते. कारण सूज ही शरीराच्या डागडुजीचाच भाग आहे. वेदना फार असेल तर थोडा वेळ बर्फ लावण्यास हरकत नाही. परंतु दोन-तीन दिवसांनी दुखणार नाही इतपत हालचाल सुरू करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? घोट्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये सोपी कसोटी दिली. घोट्याच्या हाडांच्या मागील कडांवर किंवा पावलातील ठराविक हाडांवर दाबल्यास कळ येत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन तो तासाभरात सुजला, तर अस्थिबंध तुटल्याची शंका धरून तज्ज्ञांकडे जावे.

आता पुन्हा गुडघ्याकडे येऊ. खाशाबांच्या काळी गुडघ्याच्या आत दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करण्याची सोय नव्हती. तोक्योचे मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून पाहून फाटलेल्या कूर्चेचा तुकडा काढला तो 1962 मध्ये, म्हणजे खाशाबांची संधी हुकल्यानंतर सहा वर्षांनी. आज परिस्थिती निराळी आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे 2025 च्या जुलैत मोनॅको येथील अडथळ्यांच्या शर्यतीत पडले, गुडघ्याचा अस्थिबंध व कूर्चा यांना इजा झाली आणि त्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. परंतु नवा बसवलेला बंध शरीरात रुजण्यास जो काळ लागतो, तो शल्यवैद्याला कमी करता येत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच अधिक असतो. मधल्या काळात मांडीचा स्नायू दुसऱ्या पायाच्या बरोबरीने बळकट झाला की नाही, हे मोजून पाहावे लागते. फिजिओथेरपिस्टचे काम पाय चोळून देणे एवढेच नव्हे. आज किती भार द्यावयाचा आणि उद्या किती, हे ठरवणे हे त्यांचे खरे काम आहे.

दुखापत होऊच नये यासाठीही उपाय आहे. फुटबॉलपटूंसाठी तयार केलेला ‘अकरा प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम नियमाने केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे दिसून आले आहे. त्यात हळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, बैठका आणि उडी मारून गुडघा आत न वळवता जमिनीवर येणे, एवढेच आहे. आखाड्यातील जुन्या वस्तादांना हे ऐकून हसू येईल. बैठका तर ते पिढ्यान्‌पिढ्या घालून घेत आले आहेत. कबड्डी आणि खो-खोच्या मैदानावर मात्र मुले आली की थेट खेळास लागतात. तेथे ही वीस मिनिटे सक्तीची केली, तर एका पैशाचाही खर्च नाही.

शेवटी पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. मुलगा मैदानावरून आला की, ‘किती धावलास?’ असे आपण विचारतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: काय जेवलास, किती झोपलास आणि कोठे दुखते आहे का? आणि त्याने दुखते आहे असे सांगितले, तर त्याला भित्रा म्हणू नये, वेदनाशामक गोळी देऊन पुन्हा पळवू नये. हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूने उभे राहून ‘थांबा, याला अर्धा तास द्या’ असे म्हणणारे कोणी नव्हते. आपल्या मुलांच्या बाजूने तसे म्हणणारे कोणीतरी असावे, आणि ते आपणच असावे.