भिंगातला निरोप्या

किनवट तालुक्यात, सहस्रकुंडाजवळच्या इस्लापूरला एखाद्या आजीला धुरकट दिसायला लागलं की कुणीतरी सांगतंच, "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढा." सल्ला जुना झाला. डोळ्यातलं फार पिकलेलं भिंग टणक होतं, काढायला जड जातं. पण या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आजी आईच्या पोटात होती तेव्हाची असतात, हे तिला कुणी सांगत नाही.

भिंग जेमतेम सेंटिमीटरभर. रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनांचा, त्यात बहुतेक क्रिस्टलिन. ते घडवण्याचा निरोप केंद्रकातून संदेशवाहक आरएनए आणतो. त्याच्या टोकाला रासायनिक टोपी असते. तिथे प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमचा लहान भाग चढतो, मेथिओनिन घेतलेला वाहक आरएनए सोबत असतो. दोघं अक्षरं चाचपत सरकतात आणि ए-यू-जी लागलं की थबकतात. मग मोठा भाग येऊन जोडला जातो आणि साखळी सुरू होते. अल्फा-ए क्रिस्टलिनमध्ये मेथिओनिन, ॲस्पार्टिक आम्ल, व्हॅलिन, अशी 173 अमिनो आम्लं. अनेक प्रथिनांतलं पहिलं मेथिओनिन पुढे छाटलं जातं; इथे ते टिकतं.

नेदरलँड्समधल्या नायमेखनचे हान्स ब्लूमेंडाल आणि सहकारी यांनी वासराच्या भिंगातला हा आरएनए वेगळा काढला. 1972 साली तो बेडकाच्या अंडपेशीत टोचल्याचं प्रसिद्ध झालं. अंडपेशीनं मुकाट्यानं वासराचं क्रिस्टलिन बनवलं! निरोप कुणाचा, हे रायबोसोम विचारत नाही.

भिंगाची पेशी मात्र वयात आली की केंद्रकासकट आतला सगळा पसारा मोडून टाकते, कारण त्यानं प्रकाश विखुरतो. पारदर्शकतेची ही किंमत मला जबर वाटते: त्यानंतर नवा निरोप नाही, दुरुस्ती नाही. ऊन, वय, मधुमेह यांनी प्रथिनं बिघडत जातात. बिघडलेल्यांना अल्फा क्रिस्टलिनच सावरून धरतं, हे जोसेफ हॉर्विट्झ यांनी 1992 मध्ये दाखवलं. तो साठा अपुरा पडला की गुठळ्या होतात, आणि मोतीबिंदू दिसू लागतो.

मग उपाय शस्त्रक्रियेचाच. लातूर जिल्ह्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी अशा लाखाहून अधिक केल्या. गाभा काढतात, पिशवी ठेवतात, तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीला चिकटून राहिलेल्या, अजून केंद्रक न मोडलेल्या काही जिवंत पेशी मात्र पुन्हा वाढतात, क्रिस्टलिनही बनवू लागतात. महिन्या-वर्षांनी नजर परत धूसर झाली तर बहुधा ही त्यांचीच करामत; तेव्हा डॉक्टर याग लेझरनं पिशवीच्या मागच्या पडद्याला भोक पाडतात.