एका लालबागेएवढं जग

बेंगळुरूची लालबाग २४० एकरांची, म्हणजे एक चौरस किलोमीटरला थोडी कमी. सकाळी फिरायला येणारी मंडळी तिथल्या तीन अब्ज वर्षांच्या खडकावर चढतात, गप्पा मारतात आणि तासाभरात घरी परततात. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीने कोंडाणा उंदराचं सगळं जग म्हणून नोंदवलेली जागाही साधारण तेवढीच आहे: पुण्याजवळच्या सिंहगडाचं पठार, सुमारे एक चौरस किलोमीटर. एकट्या बेंगळुरूत अशी सातशेहून जास्त जगं मावतील. भारत जवळजवळ ३३ लाख चौरस किलोमीटरचा. अख्खा देश फुटबॉलच्या मैदानावर मांडला, तर या उंदराचं घर काडेपेटीहून जरासंच मोठं भरेल!

हा आपल्या माळ्यावरचा उंदीर नव्हे. याची लव मऊ. दिवसभर बिळात, रात्री बाहेर. मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन केलं आणि गडाचं जुनं नाव त्याला दिलं, मिलार्डिया कोंडाना. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये गड घेतला, ती गोष्ट पोरासोरांना पाठ असते. गडावरच्या या रहिवाशाची विज्ञानाच्या दप्तरी नोंद व्हायला त्यानंतर ३०५ वर्षं लागली.

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरांवर, गडमाथा १३०० च्या आसपास. भोवती कडे, खाली शेतं, रस्ते आणि वाढतं शहर. पाणी नसलं तरी मी याला बेटच म्हणेन.

आणि या बेटावर रविवारी झुंबड उडते. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. गडावर जाऊन ते खाऊ नये असं कोण म्हणेल? पण पर्यटनाचा ताण, अति चराई आणि तुटत चाललेला अधिवास हेच या उंदराचे मोठे शत्रू आहेत. त्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याने उंदरांना सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकलं होतं. ती अनुसूची २०२२च्या दुरुस्तीने गेली.

एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. पठारावर गुंठाभर जागा पार्किंगसाठी सपाट केली, तर आपल्याला ती दिसणारही नाही. कोंडाणा उंदराच्या जगाचा मात्र दहाहजारावा भाग गेलेला असतो. त्याच हिशेबाने भारताचे सुमारे ३३० चौरस किलोमीटर जातील, जवळजवळ निम्मं बेंगळुरू. म्हणून सिंहगडावर नवं काहीही बांधण्याआधी तिथली बिळं मोजायलाच हवीत.