मांजऱ्या, कातळ आणि चराईबंदी

पारनेर तालुक्यात विद्यापीठांतले संशोधन आणि स्वयंसेवी संस्था यांची गाठ पडली ती पाण्यापाशी. मुळा आणि कुकडी यांच्या खोऱ्यांमधला हा उंचवटा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. राळेगणसिद्धीची कहाणी मराठी वाचकांना पाठ आहे: 1975 मध्ये लष्करातून परतलेले अण्णा हजारे, गळक्या तलावाची श्रमदानातून दुरुस्ती, चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. त्या कहाणीत कमी वेळा येणारी एक गोष्ट म्हणजे कुकडीच्या कालव्यावरून उचलून आणलेले पाणी. राळेगणचे शिवार केवळ अडवलेल्या पावसावर हिरवे झाले, असे सांगणारी भाषणे ऐकायला छान वाटतात, पण ती अपुरी आहेत.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात या कामाला संस्थात्मक रूप आले ते स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्यामुळे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्याच प्रयत्नांतून उभा राहिला. 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली. माथा ते पायथा काम कसे करायचे, गावाकडून आधी श्रमदान करून घेऊन मगच निधी कसा द्यायचा, हे अशा संस्थांना उत्तम जमले. जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. गावोगावी त्याचे उत्तर पाणाड्या देत असे, तळहातावर नारळ ठेवून.

दुसरे उत्तर पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात तयार होत होते. तिथले एस. बी. देवळाणकर हे नाव पाणी चळवळीच्या इतिहासात जवळपास कुठेच येत नाही, आणि ही त्या इतिहासाची मोठी उणीव आहे. 1980 मध्ये ‘ग्राउंड वॉटर’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा महाराष्ट्रातील दख्खन बेसाल्टच्या जलधारण क्षमतेवर एक छोटा लेख आला. काळ्या पत्थराचे वेगवेगळे प्रकार पाणी किती धरतात आणि किती सोडतात, असा त्याचा विषय.

हा विषय पाहायचा तर पारनेरकडची एखादी उघडी, न बांधलेली विहीर पुरते. वर माती, खाली मुरूम. त्याखाली मांजऱ्या: लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पडलेला, पांढऱ्या खनिजांच्या ठिपक्यांचा, तुलनेने मऊ खडक. मग काळा कातळ. तो अखंड असेल तर कोरडा, उभ्या-आडव्या भेगा असतील तर झरे देणारा. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी तांबड्या गेरूचा पट्टा. निघोजजवळ कुकडीने रांजणखळगे कोरले तेही याच बेसाल्टमध्ये. विहिरीची चाचणी साधी असते. ठरावीक वेळ पंप चालवायचा, बंद करायचा आणि पातळी किती वेळात किती चढते ते टेप सोडून नोंदवत राहायचे. अशा नोंदींतून खडकाचा स्वभाव कळतो.

देवळाणकरांबरोबर संशोधन केलेले हिमांशू कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी 1998 मध्ये पुण्यात ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था स्थापन केली आणि विद्यापीठातले हे ज्ञान संस्थांच्या कार्यकर्त्यांना शिकवायला घेतले. त्यातला कळीचा मुद्दा असा: पाणलोटाची हद्द ओढे-नाले ठरवतात, भूजलाची हद्द मात्र खडकाचे थर ठरवतात, आणि या दोन्ही हद्दी जुळतीलच असे नाही. एका गावाने माथ्यावर मुरवलेले पाणी दुसऱ्याच गावच्या विहिरीत उतरू शकते. बांध कुठे घालायचा हे नकाशावरच्या उतारावरून ठरवणाऱ्या संस्थांसाठी हा धक्काच होता.

दुसरा धक्का समाजशास्त्राच्या बाजूने बसला. गणेश पांगारे आणि वसुधा लोकूर-पांगारे यांनी 1992 मध्ये राळेगणसिद्धीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. दारिद्र्याकडून समृद्धीकडे, हा त्याचा सूर शीर्षकातच होता. दहा वर्षांनी, 2002 मध्ये, याच दोघांची नावे एका वेगळ्याच दस्तऐवजावर दिसतात. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॉन केर हे त्याचे मुख्य लेखक आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था (इफ्प्री) त्याची प्रकाशक. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या 86 गावांच्या पाहणीवर हा अहवाल उभा आहे. लोकसहभागाचे प्रकल्प निव्वळ सरकारी तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले आणि सहभागाला तांत्रिक बळ मिळाले तिथे काम सर्वांत चांगले झाले, हा निष्कर्ष संस्थांना आवडणारा होता.

त्यालाच जोडलेला दुसरा निष्कर्ष आवडण्याजोगा नव्हता. विहिरीला पाणी वाढते ते पायथ्याला जमीन असलेल्याच्या. बंद होते ते माथ्यावरचे सामायिक गायरान, आणि त्यावर जगतात भूमिहीन आणि मेंढपाळ. म्हणजे चराईबंदीची किंमत एकाने मोजायची आणि पाणी दुसऱ्याने घ्यायचे. पारनेरच्या पठारावर मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना हे कळायला अहवालाची गरज नव्हती. संस्थांना मात्र होती, कारण ग्रामसभेत ‘एकमताने’ झालेल्या ठरावात शेळी-मेंढीवाल्याचा नाइलाज नोंदवला जात नाही. या प्रश्नावर एक तोड आधीच अस्तित्वात होती. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1970च्या दशकातच जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने पाणी वाटले: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. ही तोड नगर जिल्ह्यातल्या पाणलोट गावांनी उचलली असती तर चित्र वेगळे दिसले असते. पण जमीनमालकांच्या मनाविरुद्ध जाणारा नियम चराईबंदीइतक्या सहज मंजूर होत नाही.

त्यानंतरचे काम शांतपणे चालले. संगमनेर-अकोले भागात ‘वॉटर’ने भारतीय हवामान विभाग आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या साथीने हवामानावर आधारित पीकसल्ला शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवला. तिकडे आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राने (स्थापना 1985) रायगडमधल्या कर्जतमध्ये दिशा केंद्र आणि मोखाड्यात आरोहन या संस्थांबरोबर पिण्याच्या पाण्याच्या योजनांचा अभ्यास केला. उन्नत महाराष्ट्र अभियानातून हीच रीत इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा सरकारी प्रयत्नही झाला. यात जुने दुखणे कायम राहिले: माहिती गावातून गोळा होते, प्रबंध इंग्रजीत होतो आणि गावाला प्रत मिळतेच असे नाही.

गावात प्रत्यक्ष उतरलेले संशोधन दिसते ते पाण्याच्या ताळेबंदात. पावसाळा संपला की पडलेला पाऊस, त्यातला खडकाच्या प्रकारानुसार मुरलेला भाग, माणसांची आणि जनावरांची गरज असे मांडत जाऊन उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवली जातात. मुरण्याचे प्रमाण भूशास्त्रज्ञांनी दिलेले असते, पिकाची गरज कृषी विद्यापीठाने. तिसरा आकडा, म्हणजे बोअरमधून होणारा उपसा, गाव स्वतःच सांगते. बोअरवर मीटर नसल्याने तो बहुधा अंदाजाने, आणि कमीच सांगितला जातो.