उच्चार एक, अर्थ भलतेच!

कोरियन भाषेत चिनी उगमाचे शब्द ढिगाने आहेत. चिनीत सुरांच्या चढउतारामुळे वेगळे ऐकू येणारे कितीतरी शब्द कोरियनमध्ये आले आणि एकसारखे झाले. चिनी लिपीत प्रत्येकाचं अक्षर निराळं होतं. हांगुल लिपी मात्र उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे कागदावरही हे शब्द हुबेहूब जुळे! त्यातले हे काही मजेदार मासले.

सफरचंद की माफी? 'साग्वा' म्हणजे सफरचंद आणि 'साग्वा' म्हणजेच माफी. म्हणून कोरियात २४ ऑक्टोबरला 'अ‍ॅपल डे' पाळतात. ज्याच्याशी बिनसलंय, त्याच्या हातात सफरचंद ठेवायचं आणि भांडण मिटवायचं.

आग लावणारा शब्द: 'बांग्ह्वा' म्हणजे आगीपासून बचाव. जाळपोळीलाही 'बांग्ह्वा'च म्हणतात!

हरले की जिंकले? 'यॉन्पे' म्हणजे सलग पराभव आणि 'यॉन्पे' म्हणजेच सलग विजेतेपद. 'संघाची तिसरी यॉन्पे' एवढंच कानावर पडलं, तर पेढे वाटायचे की सांत्वन करायचं? घोळ टाळायला कंसात चिनी अक्षर देतात, नाहीतर सरळ दुसरा शब्द वापरतात.

हे डॉक्टर नव्हेत: आन जुंग-गन यांच्या नावापुढे 'उइसा' लावतात. 'उइसा' म्हणजे डॉक्टर, पण इथे अर्थ आहे देशासाठी प्राण वेचणारा वीर. १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर जपानी नेते इतो हिरोबुमी यांना गोळ्या घालणारे आन १९१० मध्ये फासावर गेले.

चौथा मजला कुठाय? 'सा' म्हणजे चार, आणि मृत्यूच्या चिनी अक्षराचा उच्चारही 'सा'. म्हणून कोरियातल्या अनेक लिफ्टमध्ये चारच्या आकड्याऐवजी 'एफ' हे अक्षर दिसतं.

महापौर आणि मंडई: दोन्ही 'शिजांग'. महापौर मंडईत गेले, तर शिजांग शिजांगात!

नळाला राजधानी: 'सूदो' म्हणजे राजधानी आणि नळाचं पाणीही. सोल हे 'सूदो', आणि तिथल्या घराघरांतही 'सूदो'.

के-ड्रामा पाहून कोरियन शिकत असाल, तर सुटे शब्द घोकू नका, वाक्यासकट पाठ करा. शिवाय शब्दामागचं चिनी अक्षर जरूर शोधा. 'बांग्ह्वा'तला 'ह्वा' म्हणजे आग. एवढं कळलं की 'ह्वासान' म्हणजे ज्वालामुखी आणि 'ह्वाजे' म्हणजे आगीची दुर्घटना, हे दोन शब्द फुकटात पदरात पडतात.