अवयव, पूर्ण संख्यांचे : दृश्य अध्यापन

दिलेल्या धन पूर्ण संख्येला ज्या धन पूर्ण संख्यांनी भागले असता बाकी शून्य उरते, त्या संख्यांना तिचे अवयव किंवा विभाजक म्हणतात. उदा., १२ चे अवयव १, २, ३, ४, ६ व १२ हे होत. वस्तूंची आयताकार मांडणी करून मुलांना हे अवयव प्रत्यक्ष पाहून शोधावयास लावणे, ही प्राथमिक गणिताच्या अध्यापनाची एक उपयुक्त पद्धती आहे.

महाराष्ट्रात पाढे पाठ करण्याची परंपरा जुनी असून पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी इ. अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत असत. पाढ्यात दोन संख्यांवरून गुणाकार मिळतो. अवयव शोधताना मात्र गुणाकारावरून त्या दोन संख्यांकडे, म्हणजे उलट वाटेने, जावे लागते. ‘बे सक बारा’ व ‘तीन चोक बारा’ अचूक म्हणणारे मूलही बाराचे अवयव सांगताना अडखळू शकते; कारण ही दोन वाक्ये त्याच्या लेखी दोन निरनिराळ्या पाढ्यांतील असतात. मांडणीमुळे ती एकत्र येतात.

या पद्धतीस खर्चिक साधने लागत नाहीत. पोलादपूर तालुक्यातील (जि. रायगड) उमरठसारख्या सह्याद्रीच्या कुशीतील गावी खडे, चिंचोके वा बिया सहज मिळतात. मुलास १२ खडे देऊन, एकही खडा न उरता सारख्या रांगा लावण्यास सांगतात. त्यातून १ × १२, २ × ६ व ३ × ४ असे तीन आयत मिळतात आणि त्यांच्या बाजू हेच १२ चे अवयव ठरतात. आयत आडवा केला वा उभा केला, तरी खडे तेच राहतात. त्यामुळे ३ × ४ आणि ४ × ३ ही एकच जोडी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तेरा खड्यांची मात्र एकच लांब रांग होते. येथे मुलाचा प्रयत्न चुकलेला नसून संख्येचाच एक गुणधर्म उघड झालेला असतो. १ हून मोठ्या अशा ज्या संख्येची एकेरी रांगेखेरीज दुसरी आयताकार मांडणी होत नाही, ती मूळ संख्या होय. एका खड्याच्या मांडणीत दोन्ही बाजू १ असतात व अवयव एकच मिळतो, म्हणून १ ही मूळ संख्या मानत नाहीत.

मांडणीतून काही गैरसमजही दूर होतात. मोठ्या संख्येचे अवयव अधिक असतातच असे नाही : २४ चे आठ, तर २५ चे तीनच अवयव आहेत. प्रत्येक विषम संख्या मूळ नसते : ९१ खड्यांच्या प्रत्येकी १३ खड्यांच्या सात रांगा होतात. शोध कोठे थांबवावा, हेही आकृतीवरून कळते. ३६ साठी १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९ व ६ × ६ अशा मांडण्या होतात. एक बाजू वाढत जाते, तशी दुसरी घटते. चौरस आल्यानंतर पुढील मांडण्या केवळ उलट क्रमाने तयार होतात. चौरसाच्या दोन्ही बाजू समान असल्याने वर्गसंख्येच्या अवयवांची संख्या नेहमी विषम असते; ३६ चे अवयव नऊ आहेत.

ही कल्पना प्राचीन आहे. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी मूलतत्त्वे या ग्रंथाच्या सातव्या खंडात दोन संख्यांच्या गुणाकारास ‘समतल संख्या’ व त्या दोन संख्यांना तिच्या ‘बाजू’ म्हटले आहे. भारतात नारायण पंडित यांच्या गणितकौमुदी (१३५६) या ग्रंथात अवयव काढण्याच्या रीती आहेत. मारिया माँटेसरी यांनी मण्यांच्या साधनांनी संख्याज्ञान देण्याची पद्धती रूढ केली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या सहकार्याने, ग्रामीण व आदिवासी मुलांच्या शिक्षणात परिसरातील साध्या वस्तूंचा साधने म्हणून उपयोग केला.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. २२१ (= १३ × १७) सारख्या संख्येसाठी खडे मांडणे वेळखाऊ ठरते. तेथे चौकटीचा कागद व त्यानंतर विभाज्यतेच्या कसोट्या वापराव्या लागतात. पाढ्यांची जागाही मांडणी घेऊ शकत नाही. पाढे तोंडपाठ असले, तरच शोध जलद होतो. पाठ केलेल्या वाक्याला अर्थ देणे, हे मांडणीचे कार्य होय. तो अर्थ एकदा उमगला, की महत्तम सामाईक विभाजक, अपूर्णांकांचे संक्षिप्त रूप व बैजिक राशींचे अवयव हे पुढील भाग केवळ नियम म्हणून पाठ करावे लागत नाहीत.