कोळिंजन, आलं आणि हळद : चिमटीतलं पोषण



सातारा म्हटलं की आलं आणि सांगली म्हटलं की हळद, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कोरेगाव, कराड भागात गादीवाफ्यांवर आलं उभं असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण या दोघांचं एक तिसरं भावंड आहे, ते आपल्या स्वयंपाकघरात कधी नीट शिरलंच नाही. त्याचं नाव कोळिंजन. कुणी कुलिंजन म्हणतं, कुणी कोष्टकोळिंजन. आज आपण या तिघांकडे एकत्र बघणार आहोत. प्रश्न साधा आहे : या कंदांतून आपल्याला नेमकं मिळतं काय, आणि ते किती घ्यावं?

आधी घराणं समजून घेऊ. आलं, हळद, कोळिंजन, आंबेहळद, कचोरा, एवढंच काय वेलदोडा आणि पावसाळ्यात घमघमणारा सोनटक्काही, ही सगळी एकाच कुळातली. आपण सहज 'मुळं' म्हणतो, पण आलं हे मूळ नव्हे. ते जमिनीखाली आडवं वाढणारं खोड आहे. म्हणून तर त्याला डोळे असतात आणि तुकडा लावला की कोंब येतो. झाड पुढच्या हंगामाची शिदोरी या खोडात साठवतं. आता ओल्या मातीत शिदोरी ठेवायची म्हणजे किडे, बुरशी, जिवाणू टपलेलेच. त्यांना लांब ठेवण्यासाठी झाड तिथे तिखट, कडू, उग्र वासाची द्रव्यं भरतं. आपण ज्याला चव म्हणतो, ती मुळात झाडाची राखण आहे.

आता कोळिंजन. वाळलेलं कोळिंजन काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं : तांबूस तपकिरी, लाकडासारखे कडक तुकडे. ताजं कोळिंजन आल्यापेक्षा फिकट, साल गुळगुळीत आणि त्यावर गोल कंगोरे. वास घेतला तर आलं आठवत नाही, निलगिरीचं तेल आठवतं. ते उगाच नाही. निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य, सिनिओल, कोळिंजनातही असतं. त्याचं नावही फिरस्तं आहे. अरबी 'खुलंजान', इंग्रजी 'गॅलंगल' आणि आपलं 'कुलिंजन' ही एकाच शब्दाची रूपं. मध्ययुगात हा कंद व्यापाऱ्यांबरोबर पार युरोपातल्या स्वयंपाकघरांपर्यंत गेला होता.

आपल्याकडे मात्र तो राहिला औषधाच्या पुडीत. घसा बसला की कोळिंजनाचा तुकडा तोंडात धरायचा, ही गवय्यांची जुनी पद्धत. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. तिखटपणामुळे लाळ सुटते, घसा ओला राहतो, बरं वाटतं. पण घशात जंतुसंसर्ग झाला असेल, ताप असेल, तर तो तुकडा उपचार नव्हे. एवढा फरक लक्षात ठेवायचा.

थायलंड, इंडोनेशियात तोच कंद रोजच्या जेवणात असतो. थाई लोक त्याला 'खा' म्हणतात. 'तोम खा' म्हणजे नारळाच्या दुधात कोळिंजन घालून केलेलं सार. इंडोनेशियात 'रेंदांग' या मांसाच्या पदार्थात तो लागतोच. आपल्याला करून बघायचं असेल तर अवघड नाही. गवती चहा आपल्या परसात असतोच. नारळाच्या पातळ दुधात कोळिंजनाच्या चार-पाच पातळ चकत्या, गवती चहाची दोन पाती, मीठ आणि एखादी मिरची घालून मंद उकळी आणा. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. चकत्या चावून खायच्या नाहीत, बाजूला काढायच्या. ताजं कोळिंजन मोठ्या शहरांत थाई भाज्या ठेवणाऱ्या दुकानांत मिळतं. कंद धागेदार असतो, म्हणून धाग्यांना आडवं, पातळ कापायचं. वाळलेला तुकडा असेल तर आधी कोमट पाण्यात भिजवायचा आणि अगदी थोडा वापरायचा. त्याच्याऐवजी आलं घातलं तर सार चांगलंच होईल, पण ते आल्याचं सार होईल.

आता पोषणाकडे येऊ. इथे बरेच गैरसमज आहेत, म्हणून थेट हिशेब करू. १०० ग्रॅम ताज्या आल्यात जवळजवळ ७९ ग्रॅम पाणी असतं. उष्मांक ८०, पोटॅशियम साधारण ४१५ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ५ मिलिग्रॅम. पण १०० ग्रॅम आलं खातो कोण? दिवसभराचा चहा आणि भाजी धरली तरी माणशी १० ग्रॅमच्या वर जात नाही. म्हणजे ८ उष्मांक आणि अर्धा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. एका लिंबाच्या रसापुढे हे काहीच नाही.

हळदीचं उदाहरण जास्त महत्त्वाचं. १०० ग्रॅम हळद पुडीत सुमारे ५५ मिलिग्रॅम लोह असतं. हा आकडा वाचून लोक म्हणतात, रक्त कमी आहे, हळदीचं दूध प्या. बघा काय होतं. एक चमचा हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम, त्यात लोह दीड मिलिग्रॅमच्या आसपास. वनस्पतीतलं लोह शरीर तसंही थोडंच शोषतं. त्यात ते दुधातून घेतलं, तर दुधातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आहे तिला हळदीच्या दुधावर ठेवणं म्हणजे तिचा उपचार लांबवणं आहे. हळदीचं दूध आवडतं म्हणून जरूर प्या. लोहासाठी नको.

मग या कंदांचा उपयोग काय? यांचं काम ताटात वेगळं आहे. भाकरी, डाळ, भाजी पोट भरतात. हे कंद त्या अन्नाला चव, वास आणि रंग देतात, त्यामुळे साधी डाळही गोडीने खाल्ली जाते, मीठ-तेल थोडं कमी असलं तरी चालून जातं. हे काम छोटं नाही. आणि ते चिमटीनेच होतं.

ते नीट व्हावं म्हणून थोडं रसायन बघू. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा. आलं शिजवलं की त्यातलं काही जिंजेरॉल बदलून सौम्य, गोडसर वासाचं झिंजेरोन होतं. आलं वाळवलं की उलटं होतं : शोगाओल तयार होतं, आणि ते जिंजेरॉलपेक्षा जास्त तिखट. म्हणून सुंठ आल्यापेक्षा जहाल लागते. पाककृतीत आल्याच्या जागी सुंठ घालायची तर बरीच कमी घालावी लागते, ती याचसाठी.

दुसरी गोष्ट चहाची. आल्याचा चहा कधीकधी फाटतो आणि दूधवाल्याला बोल लागतो. दर वेळी त्याचा दोष नसतो. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ते दूध फाडू शकतं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं की हे विकर निकामी होतं, मग दूध घाला. हेच विकर मटण मऊ करतं. म्हणून मटणाला आलं-लसूण चोळून ठेवतात, आणि फार वेळ ठेवलं तर वरचा थर भुसभुशीत होतो.

हळदीचा रंग कुर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीत हळद घालायची आपली रीत अगदी बरोबर आहे, फक्त जाळायची नाही. आणि हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्यावरच हळदीचं कुंकू बनतं. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तो हाच प्रकार.

आता शेतातली हळद डब्यापर्यंत कशी येते ते बघू, कारण धोका त्या वाटेवर आहे. काढणीनंतर जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतात. हळकुंडं उकडतात. त्याने कोंब मरतो, आतलं पीठ शिजतं, रंग सगळीकडे सारखा होतो. मग उन्हात वाळवणं, मग फिरत्या ड्रममध्ये घासून वरची साल काढणं, म्हणजे पॉलिश. सांगलीजवळ हरिपूरला ही हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही. २००५ च्या महापुराने त्या पेवांचं मोठं नुकसान केलं.

पॉलिश करताना रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हा पिवळा रंग वापरला गेला आहे. त्यात शिसं असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत हे शिसं सापडलं. सरकारने तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ पर्यंत प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबतं.

घरी काय करता येईल? पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं तर कृत्रिम रंगाची शंका घ्या. पण शिसं या परीक्षेत कळेलच असं नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून हळकुंड घेताना फार झगझगीत पिवळं घेऊ नका. बाहेरून मंद, मोडल्यावर आतून गडद केशरी, असं हळकुंड घ्या आणि ओळखीच्या गिरणीतून दळून आणा. मंद दिसणाऱ्या चांगल्या हळदीला आपण दर दिला, तर शेतकऱ्यालाही चमक चढवायची गरज वाटणार नाही.

शेवटचा मुद्दा गोळ्यांचा. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्याचा अभिमान आहेच. पण त्या लढ्यात एवढंच सिद्ध झालं की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं. हळदीने मधुमेह, कर्करोग बरा होतो, असं काही त्यात सिद्ध झालं नाही.

चमचाभर हळदीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅम. रंगद्रव्य म्हणून त्याची रोजची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. आणि बाजारातल्या एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असू शकतं, वर शोषण वाढवायला मिऱ्यातलं पिपेरिन. १९९८ मध्ये बंगळूरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की पिपेरिनमुळे कुर्क्युमिन रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरतं. जाहिरातीत हे गुण म्हणून सांगतात. पण जास्त उतरणं म्हणजे जास्त परिणाम, आणि नको तोही. २०१९ मध्ये इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाला आणि तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या नकोतच. आणि गोळी सुरू केली म्हणून मधुमेहाचं औषध बंद करणं, हे तर कधीच नाही.

आमचं सांगणं थोडक्यात असं : हे कंद डब्यात ठेवा, फोडणीत घाला, साराला लावा. ओल्या हळदीचं आणि आंबेहळदीचं लोणचं घाला. जमलं तर कोळिंजनाला एकदा पुडीतून काढून पातेल्यात घाला. चिमूट ओलांडून गोळीकडे जायचं ठरलं, तर मात्र ते औषध समजा आणि औषधाच्या शिस्तीने घ्या.

आज इथेच थांबतो.